भाव खोल्यांचा नको, वाटेचा ठरवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घर बदलताना कोणती काळजी घ्यावी, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. खोक्यांवर नावं लिहा, काचसामान कागदात गुंडाळा, दागिने आणि कागदपत्रं स्वतःजवळ ठेवा, हे सगळं बरोबरच आहे. पण त्या लेखातल्या प्रत्येक घराच्या दारात ट्रक उभा राहतो. मी घरसामान वाहणाऱ्या टोळीचा मुकादम आहे. आमच्याकडे येणारं बरंचसं काम दारात ट्रक न जाणाऱ्या घरांचं असतं. डोंगरउतारावरची घरं, नुसत्या पायऱ्यांची गल्ली असलेली वस्ती, लिफ्ट नसलेल्या इमारतींचे वरचे मजले, रस्त्यापासून खाली दरीच्या बाजूला उतरत गेलेली घरं. अशा घरांतल्या लोकांना त्या लेखातून काहीच हाती लागलं नसेल, म्हणून हे पत्र.

अशा घरांचं खरं काम गाडी थांबते तिथून सुरू होतं. गाडी किती किलोमीटर धावली याला तिथे फारसा अर्थ उरत नाही. पुढची सगळी चढण माणसाच्या पाठीवर असते. आणि भाव मात्र ठरतो खोल्या किती आणि अंतर किती यावर! पायऱ्या किती, हे फोनवर कुणी विचारत नाही. गिऱ्हाईकही ते आपणहून सांगत नाही. सांगितलं तर भाव वाढेल, या धास्तीने ‘थोडासा चढ आहे’ एवढ्यावर विषय संपवला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की, अशा घरांसाठी भाव वाटेवर ठरावा, आणि ती वाट ज्यांच्या पायाखालची आहे अशा माणसांना काम द्यावं.

तसं झालं नाही की काय होतं, ते मी पुष्कळदा पाहिलंय. लांबून आलेल्या कंपनीची मोठी गाडी वळणावर अडकते. चालक खाली उतरून वर बघतो. दोन खोल्यांचं काम म्हणून दोनच माणसं पाठवलेली असतात. मग रस्त्यावरच हुज्जत सुरू होते. मालक म्हणतो, उक्तं ठरलं होतं. माणसं म्हणतात, एवढ्या पायऱ्या कुणी सांगितल्याच नाहीत. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात. तोवर दुपार कलते, पलंगाच्या फळ्या आणि गाद्या रस्त्याच्या कडेला उघड्यावर पडून असतात, घरातलं म्हातारं माणूस एका ट्रंकेवर बसून राहतं. शेवटी भाव वाढवून, थकलेल्या दोन माणसांकडून अंधारात काम उरकून घेतलं जातं. अपघात होतात ते बहुतेक याच शेवटच्या तासांत. पाय घसरतो, कपाट सुटतं, आणि त्याच्या खाली माणूस असतो.

खाली असलेल्या माणसाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सामान देणाऱ्यांना हे माहीत नसतं. दोघांनी मिळून कपाट उचललं की वजन निम्मं-निम्मं वाटलं गेलं, असं वाटतं. सपाटीवर ते खरं आहे. पायऱ्यांवर कपाट तिरपं झालं की त्याचा मध्य खालच्या माणसाकडे झुकतो. आम्हाला हे अंगाने ठाऊक होतं, म्हणूनच टोळीतला सर्वांत दणकट गडी नेहमी खाली असतो. माझी मुलगी अभियांत्रिकी शिकते, तिने ते वहीत मांडून दाखवलं. कपाटाची जाडी त्याच्या लांबीच्या निम्मी आहे, वजन सगळीकडे सारखं आहे, आणि दोघांनी ते आडवं करून खालच्या कडेला धरलं आहे असं समजा. ३० अंशांच्या जिन्यावर खालच्या माणसाकडे ६४ टक्के भार जातो, वरच्याकडे ३६. कपाट १०० किलोचं असेल तर ६४ किलो एकट्याच्या हातात. जिना त्याहून उभा असेल तर आणखी जास्त.

आता याच्या शेजारी दुसरे आकडे ठेवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका माणसाने वाहायच्या कमाल वजनाबद्दल करार केला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोंची मर्यादा सांगितली आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेचं वजन उचलण्याचं सूत्र तर सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोंपासूनच सुरू होतं. वाकावं लागलं, कंबरेतून वळावं लागलं, ओझं अंगापासून लांब धरावं लागलं की त्यातून वजा होत जातं. पायऱ्यांवर या तिन्ही गोष्टी एकदम होतात. दोन माणसांत ‘होऊन जाईल’ असं म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा डोळ्यांखालून घालावेत.

यावर उपाय नाही असं नाही. खालची कड न धरता कपाटाच्या जाडीच्या मध्यावर पट्टा बांधून तिथून उचललं, तर वाटणी पुन्हा बरोबरीवर येते. पण त्यासाठी पट्टा हवा, तो बांधायला वेळ हवा, आणि तो वेळ भावात धरलेला हवा. कपाट खोलून, कप्पे आणि दारं वेगळी करून नेणं सर्वांत चांगलं. त्यालाही वेळ लागतो. चढावरच्या कामात पैसे मोजायचे ते या वेळेचे, हे गिऱ्हाइकाने समजून घेतलं की अर्धे तंटे मिटतात.

स्थानिक माणसं घ्या, असं मी म्हणतो ते माझ्या पोटासाठी म्हणतो असं कुणाला वाटेल. पोट तर आहेच. पण त्या वाटेने रोज जाणाऱ्याला जे ठाऊक असतं, ते नकाशात दिसत नाही. कुठली पायरी डुगडुगते, गटारावरची कुठली फरशी पोकळ आहे, कुठल्या भिंतीच्या सावलीत बाराही महिने शेवाळ असतं, शाळा सुटल्यावर किती वेळ वाट भरून जाते, कुणाच्या फाटकातून दोन मिनिटं आत सरकायला मिळतं, पाण्याचा टँकर कधी येतो आणि रस्ता अडतो. डोंगरावरच्या पायऱ्या जुन्या आणि टप्प्याटप्प्याने बांधलेल्या असतात. इमारतीच्या जिन्यात पायरीची उंची दुप्पट करून त्यात रुंदी मिळवली की साधारण ६० ते ६४ सेंटिमीटर व्हावेत, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे, आणि सगळ्या पायऱ्या सारख्याच असाव्यात असा दंडक आहे. डोंगरावर तसं नसतं. एक पायरी वीतभर, पुढची गुडघ्याला येणारी. छातीशी खोकं धरलेल्या माणसाला आपली पावलं दिसत नाहीत. त्याचा पाय आधीच्या पायरीच्या अंदाजाने पुढची शोधतो. ज्याच्या पायाला ती वाट पाठ आहे, तोच तिथे सावरतो.

म्हणून आम्ही लांब चढण टप्प्यांत वाटून घेतो. प्रत्येकाकडे वाटेचा एक तुकडा. तो तेवढ्याच पायऱ्या चढतो-उतरतो, पुढच्याच्या हातात ओझं देतो आणि रिकामा परत येतो. परतताना श्वास घ्यायला मिळतो, आणि थोड्या वेळात त्या पायऱ्यांची खोड पायाला कळते. लहान खोक्यांसाठी ही साखळी उत्तम. मोठ्या वस्तूंसाठी मात्र सगळी टोळी एकत्र लागते. दोघं वस्तूला, एक पुढे वाट मोकळी करायला, एक मागून लक्ष ठेवायला, आणि बोलणारा एकच. ‘थांब’ म्हणायचा अधिकार सगळ्यांना, ‘चल’ म्हणायचा फक्त एकाला. हा नियम आमच्याकडे मोडला जात नाही. माणसं जास्त घेतली की काम सोपं होतं, हेही अरुंद वाटेवर खरं नाही. जिथे दोघांचेच खांदे मावतात तिथे सहा जण एकमेकांच्या पायात येतात. जास्तीची माणसं आलटून-पालटून विसावा घेण्यासाठी हवीत.

विसाव्यावरून आठवलं. ओझं वाहण्यात नेपाळच्या भारवाहकांचा हात धरणारे थोडे. त्यांच्यावरचा एक अभ्यास २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. पुरुष भारवाहक सरासरी स्वतःच्या वजनाच्या ९३ टक्के ओझं, कपाळावरून घेतलेल्या पट्ट्याने पाठीवर तोलून डोंगर चढतात, असं त्यात मोजलेलं आहे. माणसाने एवढं ओझं वाहावं, असं सांगायला मी हे लिहीत नाही. कुणीच वाहू नये. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे: ते सावकाश चालतात आणि वरचेवर थांबतात. आमच्यातला कुणी वळणावर टेकला की वरच्या खिडकीतून ‘चला, आटपा’ असा आवाज येतो. तो आवाज देऊ नका. त्या थांबण्यामुळेच तुमचा फ्रिज वर धड पोहोचतो.

आणि चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे बहुतेकांना पटत नाही. चढताना दम लागतो, पण ओझं ताब्यात असतं. उतरताना ते माणसाला पुढे ढकलतं आणि प्रत्येक पावलाला गुडघ्याने ब्रेक मारावा लागतो. दरीच्या बाजूला उतरत जाणाऱ्या घरांत सामान नेताना आम्ही वरून दोर लावतो. दोर नुसता हाताने धरायचा नाही. पक्क्या खांबाला किंवा जाड झाडाला त्याचा वेढा द्यायचा आणि दुसरं टोक हळूहळू सोडत राहायचं. घर्षण ०.३ धरलं तर एका पूर्ण वेढ्यात ताण साडेसहा पटींनी कमी होतो; १०० किलोंची ओढ १५ किलोंच्या जोराने धरता येते. दोन वेढ्यांत तर ती दोन-अडीच किलोंवर येते. हे गणित ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडलं आहे. मात्र वेढा कुठे द्यायचा, हे नीट बघावं लागतं. जिन्याचा कठडा, गॅलरीचा गज, पाण्याचा पाइप यांना कधीही नाही. गंजलेला कठडा ओझ्यासकट खाली येतो. कुठलं झाड मुळाशी पोखरलंय, हे पुन्हा तिथल्याच माणसाला माहीत असतं.

चढापेक्षाही जास्त वेळ खातं ते वळण. जिन्याच्या वळणावर सोफा अडकला की घरातले सगळे सल्ला द्यायला गोळा होतात. मुलीने सांगितलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं की हा प्रश्न गणितातही आहे. एक मीटर रुंदीच्या काटकोनी बोळातून वळवता येईल असा सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा आकार कोणता, असं लिओ मोझर यांनी १९६६ मध्ये विचारलं. जोसेफ गर्व्हर यांनी १९९२ मध्ये सुमारे २.२२ चौरस मीटरचा आकार शोधला. आमच्या वळणावर त्यात कठडा, मीटरची पेटी आणि वर उतरत आलेलं छत यांची भर पडते. पण आम्हाला सोफा उभा करायची मुभा आहे, आणि तो बहुतेक वेळा उभा करूनच निघतो. तरीही निघणार नसेल, तर ते आधी कळायला हवं. त्यासाठी वाटेतली सर्वांत अरुंद जागा मोजायची. दाराची चौकट मोजताना दार पूर्ण उघडल्यावर उरते ती जागा धरा. बिजागरीच्या बाजूला दोन-तीन बोटं जातात आणि नेमकं तेवढ्यानेच अडतं.

जिन्यातून जात नसेल तर खिडकी किंवा गॅलरी. अॅमस्टरडॅमच्या जुन्या घरांना छताच्या टोकाशी आकडा लावलेली तुळई बाहेर काढलेली असते. जिने इतके अरुंद की सामान दोर-कप्पीने ओढून खिडकीतूनच आत घ्यायचं, हे घर बांधतानाच धरलेलं असतं. आपण घरं बांधताना याचा विचार करत नाही. म्हणून गॅलरीतून ओढायचं असेल तर खाली माणसं-वाहनं थांबवायला कुणीतरी हवं, खालच्या मजल्यांची परवानगी हवी, आणि कप्पी कशाला बांधणार हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. ऐन वेळी ‘वरून ओढून घ्या ना’ असं म्हणू नये.

मालकाने स्वतः काय करावं? माझी पहिली विनंती: १५ लिटरची पाण्याने भरलेली बादली घेऊन गाडी थांबते तिथून दारापर्यंत एकदा चढून या. पाणी न सांडता. कुठे हात बदलावासा वाटतो, कुठे बादली भिंतीला घासते, कुठे टेकायला जागा नाही, ते लक्षात येईल. पायऱ्या त्याच वेळी मोजा. व्हिडिओ पाठवून भाव विचारू नका. फोनच्या व्हिडिओत चढ सपाट दिसतो. माणूस बोलवा, त्याला वाट चालू द्या. जो वाट न बघता, एकही प्रश्न न विचारता फोनवर आकडा सांगतो त्याला काम देऊ नका, मग आकडा कितीही कमी असो. आणि तो नुसता स्थानिक आहे एवढ्यावरही देऊ नका. नाक्यावर उभी असलेली चार माणसं म्हणजे टोळी नव्हे. पट्टे, दोर, जाड गोधड्या, चाकांची ढकलगाडी त्यांच्याकडे आहे का, याच वाटेने आधी काय काय नेलंय, हे विचारा. खरं काम केलेला माणूस ‘तुमच्या त्या दुसऱ्या वळणावर’ अशीच सुरुवात करतो.

ढकलगाडीचंही एक सांगतो. रस्ता आहे, पायऱ्या नाहीत, तर ढकलत नेता येईल असं वाटतं. सहा फूट पुढे जाताना एक फूट चढणाऱ्या रस्त्यावर १०० किलोंच्या ओझ्याला नुसतं जागेवर धरून ठेवायलाच १६ किलोंहून जास्त जोर लागतो. हलवायला आणखी. अशा ठिकाणी गाडीच्या मागे चाकाला लावायची उटी घेऊन एक माणूस चालतच राहायला हवा.

सामान बांधताना पुस्तकांची खोकी लहान घ्या. दीड फुटी चौकोनी खोक्यात पुस्तकं ठासून भरली की वजन ६० किलोंच्या आसपास जातं. एक फुटी खोकं २० किलोंच्या आत राहतं. कुंड्यांना आदल्या दिवशी पाणी घालू नका, कूलरचं पाणी काढा. लिटरमागे एक किलो वाचतो. फ्रिज उभाच न्यायचा असतो. वळणावर आडवा करावाच लागला, तर नंतर काही तास उभा ठेवून मगच चालू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर बसतं. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनमध्ये वजनासाठी काँक्रीटचा ठोकळा बसवलेला असतो, त्यामुळे ते दिसतं त्यापेक्षा फार जड असतं. ते आणताना ड्रम घट्ट ठेवणारे बोल्ट आलेले असतात. ते फेकून देऊ नका. प्रत्येक वेळी हलवताना ते पुन्हा लावावे लागतात, आणि मी पाहिलेल्या बहुतेक घरांत ते सापडत नाहीत.

लेखी ठरवा. माणसं किती, पायऱ्या किती, कुठल्या वस्तू खोलून पुन्हा जोडायच्या, मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत सामान बदलावं लागलं तर त्याचे पैसे किती, पाऊस आला तर दिवस कसा बदलायचा. वस्तू फुटली तर कुणी भरायचं, हे सगळेच विचारतात. माणूस पडला तर त्याचा दवाखाना कुणी करायचा, हे विचारणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. स्वस्तातल्या भावात हाच खर्च धरलेला नसतो. आमच्या धंद्यातले मुकादमही हे बोलायला टाळतात, कारण बोललं की काम दुसऱ्याकडे जातं. दोन्ही बाजूंनी हे आधीच कागदावर यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एकदा पाठ गेली की त्या माणसाला दुसरं काम येत नसतं.

संपादकसाहेब, सामान हलवणाऱ्या कंपन्यांच्या अर्जात खोल्या, मजला आणि लिफ्ट आहे की नाही, एवढंच विचारतात. त्यात आणखी चार रकाने हवेत: गाडी कुठपर्यंत येते, तिथून दारापर्यंत पायऱ्या किती, सर्वांत अरुंद जागा किती इंचांची, आणि वाटेत ओझं टेकवायला जागा आहे का. आपल्या पुरवणीत घर बदलण्यावर पुन्हा लेख येईल तेव्हा हे चार प्रश्न चौकटीत छापावेत. वाचक तेवढं कापून ठेवतील आणि फोन करताना समोर धरतील.

आपला,
घरसामान वाहणाऱ्या टोळीचा एक मुकादम